नगरच्या किल्ल्यातले अठरा महिने

२५ डिसेंबर १८८३. नगरच्या लष्करी छावणीत नाताळचा दिवस होता. त्याच दिवशी तिथल्या भुईकोट किल्ल्यात कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज वारले. वय अवघे वीस वर्षे आणि आठ महिने. देखरेखीवर नेमलेल्या ग्रीन नावाच्या गोऱ्या सोजिराशी त्यांची झटापट झाली आणि त्यातच त्यांचा अंत झाला, एवढे सरकारनेही मान्य केले. लोकांची भाषा याहून सरळ होती. ग्रीनने राजाला मारले, असेच महाराष्ट्र तेव्हा म्हणाला आणि कोल्हापुरात आजही तसेच म्हणतात.

हे छत्रपती इतिहासाच्या पुस्तकात भेटतात ते टिळकांच्या चरित्रात. ‘कोल्हापूर प्रकरण’ नावाच्या एखाद्या परिच्छेदात त्यांचे नाव येते, टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात जातात, एकशे एक दिवसांनी सुटतात, परिच्छेद संपतो. ज्याच्यासाठी हे दोघे तुरुंगात गेले, त्याच्या सुटकेची गोष्ट पुढे येत नाही, कारण तो सुटलाच नाही. त्याच्या वाट्याला आलेले दिवस कुणी मोजून ठेवले नाहीत. मला हा अन्याय वाटतो. म्हणून इथे टिळक-आगरकर ओघात येतील आणि कथा मात्र त्या मुलाची असेल.

मुलगाच म्हणायला हवे. ५ एप्रिल १८६३ रोजी दिनकरराव भोसले यांच्या घरी जन्मलेला नारायणराव आठ वर्षांचा असताना कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला. त्याच्या आधीचे राजाराम महाराज स्वतःही दत्तकच होते. विलायत पाहायला निघालेले ते पहिल्या काही हिंदी राजांपैकी एक. इंग्लंड पाहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये त्यांचे निधन झाले. तेही विशीतच. आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला गेला. त्या शहराने तोवर असा अंत्यविधी पाहिला नव्हता. आज तिथे छत्री आहे, छत्रीखाली राजारामांचा अर्धपुतळा आहे आणि शेजारच्या पुलालाही त्या ‘हिंदी माणसाचे’ नाव आहे. परक्या शहराने कोल्हापूरच्या एका राजाची आठवण अशी राखली.

राजारामांना पुत्र नव्हता. साताऱ्याची गादी १८४८ मध्ये दत्तक नामंजूर करून डलहौसीने गिळली होती. तो घाव मराठी मुलखात ताजा होता. पण १८५७ नंतर इंग्रज शहाणे झाले आणि संस्थानिकांना दत्तकाचा हक्क मिळाला. १८६२ च्या तहाने कोल्हापूरला अधिकार परत मिळाले खरे, पण महत्त्वाच्या कामात इंग्रज सरकारचा सल्ला मानण्याचे बंधन त्याच तहात होते. गादी शाबूत, कारभार पोलिटिकल एजंटाच्या नजरेखाली. अशा गादीवर १८७१ मध्ये नारायणराव बसला आणि त्याचे नाव शिवाजी ठेवले गेले. कोल्हापूर शाखेतला हा चौथा शिवाजी. थोरल्या शिवाजी महाराजांना या मोजणीत धरत नाहीत, ते सगळ्यांचेच.

त्या नावाचे ओझे आठ वर्षांच्या पोराच्या खांद्यावर किती असेल, याचा विचार करावा. एकोणीस तोफांची सलामी. आईबाप वेगळे, आता आई म्हणायची ती राजारामांची विधवा राणी. शिक्षक आणि अधिकारी इंग्रज, कारभारी ब्राह्मण, सरदार आणि मानकरी आपापल्या हिशेबात. नोव्हेंबर १८७५ मध्ये इंग्लंडचे युवराज मुंबईला उतरले, तेव्हा त्यांच्या भेटीला जमलेल्या राजांमध्ये हा बारा वर्षांचा राजा होता. पुढे त्याला के. सी. एस. आय. हा किताबही मिळाला. किताब, सलामी, दागिने यांत कसलीच कमतरता नव्हती.

कोल्हापुरात त्याच्यासाठी नवा राजवाडाही उभा राहू लागला होता. १८७७ मध्ये काम सुरू झाले. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. काळ्या घडीव दगडाची ती इमारत आज कोल्हापूरला येणारा प्रत्येक जण पाहतो. मँट स्वतः १८८१ मध्ये वारले. आपल्या इमारती कोसळतील या भीतीने अखेरीस त्यांचे डोके फिरले होते, असे सांगितले जाते. राजवाडा पुरा झाला १८८४ मध्ये. तोवर ज्या राजाच्या कारकिर्दीत पाया घातला गेला, तो नगरला वारून गेला होता.

महाराजांचे डोके फिरले आहे, असे सरकार म्हणू लागले ते १८८० च्या आगेमागे. इथे थोडे थांबायला हवे, कारण पुढचा सगळा वाद या एका विधानाभोवती फिरला. महाराज खरोखर वेडे होते का? होते असे मानणाऱ्यांकडे इंग्रज डॉक्टरांचे अहवाल होते. नव्हते असे मानणाऱ्यांकडे महाराजांना भेटून आलेल्यांच्या गोष्टी होत्या. तिसरे मतही होते आणि ते मला सर्वांत गंभीर वाटते: मुलगा मुळात शहाणा होता, त्याला ज्या रीतीने वागवले त्याने तो बिघडला. आज दीडशे वर्षांनी त्याची नाडी पाहून निदान करणे कुणालाच शक्य नाही. पण एक गोष्ट तपासता येते. ती म्हणजे निर्णय कुणी आणि कोणत्या रीतीने घेतला.

१८५८ मध्ये इंग्रज सरकारने वेडसर माणसांविषयी कायदे केले होते. एखाद्या जमीनदाराला किंवा सावकाराला वेडा ठरवून त्याच्या मालमत्तेचा ताबा घ्यायचा तर दिवाणी न्यायालयात चौकशी लागे. त्या माणसाला नोटीस मिळे, साक्षीपुरावा होई, न्यायाधीश त्याला समोर बोलावून तपासू शके. कोल्हापूरच्या छत्रपतीला यातले काही नव्हते. तो इंग्रजांची रयत नव्हता, राजा होता, म्हणून त्या कायद्याच्या कक्षेबाहेर होता. त्याचा निकाल सरकारने आपल्या एजंटाच्या आणि आपल्याच डॉक्टरांच्या शब्दावर दिला. कोल्हापुरातल्या सावकाराचा मुलगा इंग्रजी हद्दीत राहत असता तर त्याला जो हक्क मिळता, तो शिवछत्रपतींच्या वारसाला मिळाला नाही.

लोकांच्या मनात संशय येणे अगदी स्वाभाविक होते. मराठी माणसाने गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत काय काय पाहिले होते? साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांवर कटाचा आळ घेऊन १८३९ मध्ये त्यांना पदच्युत केले. ते काशीत वारले. कोल्हापूरच्याच घराण्यातले चिमासाहेब, १८५७ च्या उठावात हात असल्याच्या संशयाने कराचीला पाठवले गेले. तेही तिथेच वारले, १८६९ मध्ये. १८७५ मध्ये बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांवर रेसिडेंटाला विष घातल्याचा खटला चालला. आयोगातल्या तीन हिंदी सदस्यांनी त्यांना दोषी धरले नाही, तरी गैरकारभाराचे कारण देऊन गादीवरून काढले आणि मद्रासला नेले. तेही १८८२ मध्ये तिथेच गेले. राजा एकदा आपल्या मुलखातून बाहेर नेला की तो परत येत नाही, हे लोकांनी तीन वेळा पाहिले होते. शिवाजी महाराजांना गादीवरून कधी उतरवले नाही. नाव, गादी, सलामी सर्व राहिले. राज्य तेवढे काढून घेतले आणि पुढे राजालाही उचलून नेले.

कारभारी होते रावबहादूर माधवराव बर्वे. संस्थानात त्यांचा दरारा होता आणि एजंटाचा त्यांच्यावर विश्वास. महाराजांना मारहाण होते, उपाशी ठेवतात, मुद्दाम वेडे ठरवण्याचा घाट आहे आणि या सगळ्यामागे बर्वे आहेत, अशा बातम्या कोल्हापुरातून पुण्याला येऊ लागल्या. पुण्यात तेव्हा दोन नवी वर्तमानपत्रे निघाली होती. जानेवारी १८८१ मध्ये सुरू झालेले इंग्रजी ‘मराठा’ आणि मराठी ‘केसरी’. चालवणारे पंचविशीतले तरुण: टिळक, आगरकर, नामजोशी, आपटे आणि या सगळ्यांना बळ देणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर. वर्ष संपता संपता दोन्ही पत्रांनी कोल्हापूरचा प्रश्न हाती घेतला आणि थेट बर्व्यांवर आरोप केले.

बर्व्यांच्या नावाची काही पत्रे पुण्यात हाती लागली होती. त्यांत राजाविरुद्धच्या कटाचा पुरावा होता, असे वाटत होते. त्या पत्रांवर विसंबून दोन्ही संपादकांनी लेखणी चालवली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली आणि न्यायालयात ती पत्रे बनावट ठरली. संपादकांचा पाया त्या क्षणी खचला. त्यांनी दिलगिरीही व्यक्त केली, पण फिर्याद थांबली नाही. हे कुणी लपवू नये. टिळक-आगरकरांचे धैर्य मोठे होते आणि त्यांचा पुरावा खोटा होता, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. मात्र पत्रे खोटी ठरली म्हणून राजाचे हाल खोटे ठरत नाहीत. बर्व्यांची अब्रू हा खटल्याचा विषय होता. महाराजांना कसे वागवले जाते, याची चौकशी त्या खटल्यात व्हायची नव्हतीच. ज्या प्रश्नासाठी लेख लिहिले, तो प्रश्न न्यायालयाच्या दारातच राहिला.

या काळात महाराष्ट्राची जी एकी दिसली, तिच्याकडे आपण पुरेसे पाहिलेले नाही. कारभारी चित्पावन, त्यांच्यावर लिहिणारे संपादकही चित्पावन, राजा मराठा. जोतीराव फुल्यांचे या संपादक मंडळींशी वैचारिक वैर होते. ते लपलेले नव्हते. तरीही जामिनाची वेळ आली तेव्हा जोतीरावांच्या सांगण्यावरून त्यांचे स्नेही रामशेठ बापूशेठ उरवणे दहा हजार रुपयांचा जामीन घेऊन उभे राहिले. शिवछत्रपतींवर पोवाडा लिहिणाऱ्या फुल्यांना त्या गादीवरच्या मुलाचे हाल बघवले नसणार. वाद आपल्या जागी ठेवून त्यांनी केलेली ही मदत पुढच्या पिढ्यांनी दोन्ही बाजूंनी विसरून टाकली, हे दुर्दैव. कोल्हापुरातही हालचाल होती. राजाराम कॉलेजात शिकणाऱ्या गोपाळ कृष्ण गोखले नावाच्या मुलाने खटल्याच्या मदतीसाठी झालेल्या शेक्सपिअरच्या नाटकात स्त्रीभूमिका केली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

खटला चालू असतानाच १७ मार्च १८८२ रोजी चिपळूणकर गेले. वय एकतीस. जूनमध्ये महाराजांना कोल्हापुराहून नगरच्या किल्ल्यात हलवले. आणि १७ जुलैला टिळक-आगरकरांना चार महिन्यांची साधी कैद झाली. हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. न्यायालयाचा निकाल लागण्यापूर्वीच राजाला लोकांच्या नजरेआड नेले होते. त्या पावसाळ्यात राजा नगरला आणि त्याच्यासाठी लिहिणारे दोघे मुंबईच्या डोंगरीत, असे तिघेही बंदिस्त होते. पण दोघांना आपल्या सुटकेचा दिवस ठाऊक होता. तिसऱ्याला कुणी तारीख दिली नव्हती.

डोंगरीतल्या दिवसांबद्दल आगरकरांनी पुढे पुस्तक लिहिले, ते सर्वांना माहीत आहे. कोठडीत दोघे रात्र रात्र वाद घालत. धर्म, समाजसुधारणा, शिक्षण, कॉलेज काढायचे ते कसे. फर्ग्युसन कॉलेजाच्या मुळाशी त्या रात्री आहेत. तिथेच आगरकरांनी शेक्सपिअरचे ‘हॅम्लेट’ मराठीत आणायचे काम केले. ते १८८३ मध्ये ‘विकारविलसित’ या नावाने छापून निघाले. बापाच्या जागी दुसरा माणूस राज्य करतो आहे, भोवती हेर आहेत, दरबार ज्याला वेडा म्हणतो आहे आणि जो खरा किती वेडा हे कुणालाच कळत नाही, अशा राजपुत्राची ही कहाणी. आगरकरांच्या मनात त्या वेळी कोल्हापूर नव्हते, असे मला मानता येत नाही.

२६ ऑक्टोबरला दोघे सुटले. नारायण मेघाजी लोखंडे यांच्यासारख्या सत्यशोधकांनी त्यांचा सत्कार केला. पुण्यानेही मोठे स्वागत केले. आणि नगरला?

नगरचा किल्ला हा राजबंद्यांच्या दृष्टीने महाराष्ट्रातला सर्वांत जाणता किल्ला. भुईवर बांधलेला, भोवती रुंद खंदक, तटाला भरीव बुरूज. हुसेन निजामशहाने सोळाव्या शतकाच्या मध्यावर तो दगडात उभा केला. चांदबिबीने १५९५-९६ मध्ये याच तटावरून मोगलांना झुंज दिली. चार वर्षांनी, १६०० मध्ये, किल्ला पडला तेव्हा बहादूर निजामशहा या पोरवयाच्या राजाला इथूनच ग्वाल्हेरच्या कैदेत नेले. नाना फडणवीसांना दौलतराव शिंद्यांनी १७९८ च्या सुमारास इथेच अटकेत ठेवले होते. १२ ऑगस्ट १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने तो शिंद्यांकडून घेतला आणि इंग्रजांना कळले की कैदी ठेवायला याच्यासारखी जागा नाही. शेजारी छावणी, भोवती मोकळे माळ, आत जायला पूल. १८७८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग नगरवरून गेला आणि फौजेला येजा सोपी झाली. कोल्हापूरला मात्र त्या वेळी रेल्वे नव्हती, ती १८९१ मध्ये आली. म्हणजे कोल्हापूरच्या एखाद्या मानकऱ्याला किंवा राणीच्या माणसाला महाराजांकडे यायचे तर साडेतीनशे किलोमीटरची वाट होती, त्यातली बरीच बैलगाडीची किंवा टांग्याची. आणि आल्यावर भेट होईलच असे नव्हते, कारण परवानगी देणारे इंग्रज अधिकारी होते.

नगरकरांच्या वाट्याला तेव्हा काय आले असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. किल्ला त्यांच्या डोळ्यांसमोर होता. माळीवाड्यातून, भिंगारच्या वाटेने जाणाऱ्या माणसाला तट दिसे. आत छत्रपती आहेत हे लोकांना माहीत होते. गादीचा धनी आपल्या गावात आलेला आणि दर्शन घ्यायची सोय नाही, अशी वेळ मराठी गावावर क्वचितच आली असेल.

सरकारने सांगितलेले कारण असे, की प्रकृतीला एकांत आणि युरोपियन देखरेख मानवेल. त्या काळच्या विलायती वैद्यकात वेडावर इलाज म्हणून रोग्याला घर आणि घरची माणसे यांपासून दूर नेण्याची कल्पना रूढ होती. म्हणजे नगरची रवानगी हे नुसते राजकारण होते, असे म्हणता येणार नाही. डॉक्टरांपैकी काहींना ती खरोखर औषध वाटत असेल. पण विलायतेत रोग्याला ज्या इस्पितळात नेत, तिथे शिकलेले परिचारक असत. इथे राजाच्या देखरेखीला फौजेतला सोजीर होता. राजाची बोली त्याला येत होती का, राजाच्या सोवळ्याओवळ्याचे, जेवणाखाणाचे, वेळीअवेळी रडण्याचे त्याला काय कळत होते, हे प्रश्न त्या औषधयोजनेत कुणी विचारलेले दिसत नाहीत. बराकीतली शिस्त माहीत असलेला माणूस आणि वीस वर्षांचा, आधीच बिथरलेला, नावाने राजा असलेला तरुण यांना दगडी भिंतींच्या आत दिवसेंदिवस एकत्र ठेवले तर झटापट होणारच होती. प्रश्न कोणत्या दिवशी, इतकाच होता.

इकडे कोल्हापुरात १८८२ मध्येच प्रतिनिधी मंडळ नेमून कागलचे जहागीरदार जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे यांच्याकडे कारभार सोपवला होता. आबासाहेब कर्तबगार होते, लोकांत मान होता. राज्याची घडी त्यांनी नीट राखली. म्हणजे राज्य चालत होते, राजवाडा उंच चढत होता, रस्ते-शाळा होत होत्या. राजा तेवढा नव्हता आणि त्याच्यावाचून कुणाचे अडतही नव्हते. कोल्हापूरच्या इतिहासातली ही मला सर्वांत दुःखाची जागा वाटते.

१८८३ हे वर्ष आणखी एका कारणाने लक्षात ठेवायला हवे. त्या वर्षी फेब्रुवारीत इल्बर्ट बिल मांडले गेले. जिल्ह्यांमध्ये गोऱ्या आरोपीचा खटला हिंदी न्यायाधीशापुढे चालावा की नाही, एवढाच त्याचा प्रश्न होता. पण सगळा गोरा हिंदुस्थान त्याच्यावर तुटून पडला. सभा झाल्या, व्हाइसरॉय रिपनची उघड अवहेलना झाली, चळवळीला पैसा उभा राहिला. वर्ष सरता सरता सरकार नमले आणि डिसेंबरातच तडजोड झाली. गोऱ्या आरोपीला निम्म्याहून कमी नसतील इतके गोरे किंवा अमेरिकन पंच मागण्याचा हक्क मिळाला. तो कायदा २५ जानेवारी १८८४ रोजी मंजूर झाला, नगरच्या घटनेनंतर बरोबर एक महिन्याने.

मी या दोन तारखा शेजारी ठेवतो, कारण त्या काळच्या वाचकाने त्या तशाच ठेवल्या असणार. गोऱ्या माणसाने हिंदी माणसाला मारले तर काय होते, हे लोकांना पाठ झाले होते. आग्र्याला १८७६ मध्ये फुलर नावाच्या वकिलाने आपल्या मोतद्दाराला मारले, तो मेला, फुलरला तीस रुपये दंड झाला. खुद्द व्हाइसरॉय लिटनला त्यावर ताशेरे झाडावे लागले होते. तो मोतद्दार होता. नगरला मेलेला माणूस शिवछत्रपतींच्या गादीचा वारस होता. तरीही फरक पडला नाही. ग्रीनने जे केले ते स्वतःच्या बचावात केले, असे मानले गेले आणि त्याला शिक्षा झाली नाही. गोऱ्या फौजेच्या किल्ल्यात घडलेल्या घटनेची चौकशी गोऱ्यांनीच केली. कारकून असो, मोतद्दार असो वा छत्रपती, हिंदी जिवाची किंमत एकाच तराजूवर ठरते, हे मराठी माणसाला त्या नाताळात समजले.

महाराजांचे दहन नगरलाच झाले. त्यांची समाधी नगर शहरात आहे. किल्ल्यात पुढे अनेक बंदी आले, त्यात ऑगस्ट १९४२ मध्ये आणलेले नेहरू, पटेल, मौलाना आझाद आणि काँग्रेस कार्यकारिणीचे इतर सदस्य. नेहरूंनी तिथे ग्रंथ लिहिला आणि किल्ला साऱ्या देशाला माहीत झाला. आज किल्ला पाहायला जाणारा नेहरूंची खोली पाहतो, ते योग्यच आहे. नगरच्या शाळकरी मुलांना त्याच वेळी समाधीही दाखवावी, एवढे मात्र वाटते. आपल्या गावात छत्रपती वारले, हे नगरमधल्या किती घरांत माहीत आहे?

कोल्हापुरात राणी आनंदीबाई विधवा झाल्या. त्यांचे वयही लहानच असणार. १७ मार्च १८८४ रोजी त्यांनी जयसिंगराव घाटग्यांचा नऊ वर्षांचा मुलगा यशवंतराव दत्तक घेतला आणि त्याचे नाव शाहू ठेवले. पुन्हा एक दत्तक, पुन्हा एक लहान मुलगा, पुन्हा तोच एजंट आणि तीच गादी. दोन वर्षांनी, मार्च १८८६ मध्ये, आबासाहेबही गेले. दहा-बारा वर्षांच्या शाहूंची अवस्था वरवर पाहता नारायणरावापेक्षा वेगळी नव्हती.

फरक होता तो सोबतीचा. १८८५ मध्ये शाहूंना राजकोटच्या राजकुमार कॉलेजात धाडले तेव्हा त्यांचे सख्खे भाऊ बापूसाहेब घाटगे आणि नात्यातले दत्ताजीराव इंगळे बरोबर होते. पुढे धारवाडला स्टुअर्ट फ्रेझर या शिक्षकाच्या हाताखाली चार वर्षे ठेवले, तेव्हाही बरोबरीची मुले भोवती होती. फ्रेझरने शाहूंना घोड्यावर बसवून मुलूख दाखवला, कागदपत्र वाचायला शिकवले, माणसांत मिसळू दिले. राजारामांना फ्लॉरेन्समध्ये आणि शिवाजींना नगरमध्ये गमावल्यावर सरकारने आणि घाटगे घराण्याने मिळून काहीतरी शिकून घेतले असावे, असे मला ठामपणे वाटते. २ एप्रिल १८९४ रोजी शाहूंनी राज्याची सूत्रे हाती घेतली. तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते, नगरला वारलेल्या आपल्या दत्तक वडिलांपेक्षा वर्षभराने लहान.